आईला गावी ठेवावं, मुंबईला आणावं की वृद्धाश्रम बघावा? (कोकणातल्या लोकांनी जास्त लिहा)

जांभळी
आई ८२ वर्षांची. देवगड तालुक्यात खाडीच्या बाजूला आमचं घर. बाबा जाऊन नऊ वर्षं झाली, तेव्हापासून ती एकटीच, पण ठणठणीत होती. यंदा जूनच्या शेवटी खळ्यात (घरापुढच्या अंगणात) शेवाळावरून पाय सरकला आणि खुब्याचं हाड मोडलं. कोल्हापूरला नेऊन ऑपरेशन केलं. आता वॉकर घेऊन घरात फिरते, पण न्हाणीघरात जायला माणूस लागतं, रात्री दोनदा तरी उठावं लागतं. विसरायलाही लागलीये. मागच्या आठवड्यात दूध गॅसवर तसंच ठेवून देवळात दिवा लावायला निघाली होती, वॉकर घेऊन.

भाऊ डोंबिवलीला, तिसरा मजला, लिफ्ट नाही. मी ठाण्याला, दोन खोल्या, सासरे आधीच आमच्याकडे. सध्या शेजारची चुलत वहिनी बघते.

तीन पर्याय डोळ्यांसमोर आहेत. गावीच पगारी बाई ठेवणं, तिला इकडे आणणं, किंवा रत्नागिरीकडचा एखादा वृद्धाश्रम. भाऊ तिसऱ्या पर्यायाचं नाव काढलं की फोन ठेवतो. ज्यांनी यातलं काही केलंय त्यांनी प्लीज लिहा. नुसते सल्ले नकोत.

करवंद
वाचतेय. आमच्याकडेही हेच चालू आहे.

खाडीपलीकडे
ज्या आईने पेजेवर राहून आपल्याला शिकवलं तिला परक्यांच्या हाती द्यायचं? आमच्या आजीला आम्ही शेवटच्या दिवसापर्यंत घरी सांभाळलं. पाच वर्षं अंथरुणात होती. कधी वृद्धाश्रमाचा विचारही मनात आला नाही. कोकणात अजून ही पद्धत शिल्लक आहे, ती मोडू नका.

सुरंगी
@खाडीपलीकडे, 'आम्ही' म्हणजे नक्की कोण? तुम्ही आजीचं आंग पुसलंत? कुशीवर वळवलंत? की शनिवार-रविवार तुतारी एक्स्प्रेसने येऊन पायाशी बसलात? राग नाही, खरंच विचारतेय. कारण आमच्या घरातही 'आम्ही' सांभाळलं असंच सांगतात आणि तो 'आम्ही' म्हणजे माझी आई होती. तिचे गुडघे त्या पाच वर्षांत गेले.

खाडीपलीकडे
आई आणि काकू करायच्या. मी तेव्हा कॉलेजला होतो.

सुरंगी
बरं.

मोदक_नको
धागा पन्नाशी गाठणार. मी चहा ठेवतो.

घाटावरचा
बायको गुहागरची, त्यामुळे सासऱ्यांचा अनुभव लिहितो. २०१९ मध्ये त्यांना अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली. सासूबाई म्हणाल्या, घर सोडणार नाही. आम्ही ब्युरोमार्फत चोवीस तासांची बाई आणली, कराडकडची. कामाला चोख. पण अकराव्या दिवशी पिशवी भरून उभी. म्हणाली, रात्री कौलांवर झावळी पडते, धाडकन आवाज होतो, मला झोप नाही. त्यात कोल्हे ओरडतात, फोनला रेंज नाही. पगार वाढवतो म्हटलं तरी थांबली नाही. तिचं चूक म्हणत नाही. शहरात काम केलेल्या माणसाला एवढा काळोख सोसतच नाही.

मग गावातल्याच बायका बघितल्या. इथे जे गणित कुणी सांगत नाही ते लिहितो. कोकणात बाई मिळणं पैशापेक्षा महिन्यावर ठरतं. फेब्रुवारी उजाडला की आंब्याच्या बागा आणि पॅकिंग. त्याच सुमारास काजूही सुरू. जूनच्या पावसाबरोबर लावणी, त्यात घरचं शेत असलेली कुठलीच बाई बांधून राहत नाही. गणपतीत प्रत्येकीच्या घरी चाकरमानी. ऑक्टोबरात कापणी. म्हणजे खात्रीची बाई नोव्हेंबर ते जानेवारी! आम्ही चार वर्षांत सात बायका बदलल्या. शेवटी टिकलं ते एक नेपाळी जोडपं. नवरा बागेत राखणीला, बायको घरात सासऱ्यांकडे. दोघांना राहायला मांगर (बागेतलं छोटं घर) दुरुस्त करून दिला. महिना दोघांचे मिळून २४ हजार, तांदूळ घरचा. त्या बाईला मराठी येत नव्हतं, सासऱ्यांना बोलता येत नव्हतं, दोघांचं अफाट जमायचं.

बाग असेल तर हा मार्ग बघा. नसेल तर कठीण आहे.

ताम्हन
मांगर दुरुस्त करून दिला हे वाचून बरं वाटलं. आमच्याकडे राखणदाराला पडवीत झोपवतात आणि तो पळाला की त्यालाच नावं ठेवतात.

सिस्टर_अक्का
सावंतवाडीकडे बावीस वर्षं नर्सिंग करतेय, आता घरी जाऊन पेशंट बघते. एक शब्द आधी साफ करू. आपल्याकडे 'नर्सिंग होम' म्हटलं की डॉक्टरांचं दहा-पंधरा खाटांचं खासगी हॉस्पिटल. तिथे म्हाताऱ्यांना कायमचं ठेवत नाहीत. आणि वृद्धाश्रम म्हणजे बहुतेक ठिकाणी स्वतःचं स्वतः करणाऱ्या माणसांची राहण्याजेवणाची सोय. तिथेही अंथरुणाला खिळलेलं माणूस घेत नाहीत, किंवा घेतलं तर वेगळी फी. तुम्हाला हवं आहे ते या दोन्हींच्या मधलं, आणि ते कोकणात फार कमी आहे. चौकशीला फोन कराल तेव्हा पहिला प्रश्न हा विचारा की आज चालते, उद्या चालेनाशी झाली तर ठेवाल की परत पाठवाल?

आता घरी ठेवणाऱ्यांसाठी. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचा खरा शत्रू बेडसोअर, म्हणजे पडून पडून होणाऱ्या जखमा. दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. एकट्या बाईने ओढून वळवायचं नाही, कातडी चादरीवर घासते आणि तिथेच सोलते. कमरेखाली दुहेरी घडीची आडवी चादर ठेवायची आणि दोघांनी तिची दोन टोकं धरून उचलून वळवायचं. लाल झालेल्या जागेवर स्पिरिट-पावडर लावून चोळायची जुनी सवय सोडा, चोळल्याने आतलं मांस आणखी दुखावतं. हातमोज्यात पाणी भरून टाचेखाली ठेवतात, तेही नको. पोटरीखाली उशी द्या, टाच अधांतरी राहू दे. मध्ये भोक असलेली गोल रिंग मिळते, ती कमरेखाली घालू नका, कडेने दाब येतो. भरवताना पाठ उंच करून बसवा आणि नंतर अर्धा तास आडवं करू नका.

आणि एअर बेड. सगळे आणतात, मी पण सांगते. पण त्याचा पंप विजेवर चालतो. मागच्या वर्षी आंबोलीच्या खाली एका घरी गेले तर लाईट जाऊन दीड दिवस झालेला, गादीतली हवा बसलेली, आणि आजोबा प्लास्टिकवर, म्हणजे जवळजवळ फळीवर. घरच्यांना वाटत होतं गादी आहे म्हणजे झालं. एअर बेडखाली चांगली फोमची गादी हवीच, आणि पावसाळ्यापूर्वी छोटा इन्व्हर्टर घ्या.

मोदक_नको
इन्व्हर्टर चार्ज व्हायला तरी लाईट लागते ना अक्का 😄 आमच्याकडे तौक्ते वादळ गेल्यावर आठ दिवस अंधार होता.

सिस्टर_अक्का
म्हणून फोम आधी लिहिलाय!

जांभळी
सिस्टर, खूप आभार. तो 'उद्या चालेनाशी झाली तर' प्रश्न आम्ही दोन ठिकाणी विचारलाच नव्हता. आज फोन केला. एका ठिकाणी म्हणाले, तेव्हा नातेवाईकांनी आठ दिवसांत घेऊन जायचं.

बरेच जण विपूमधून (विचारपुशीत निरोप टाकून) विचारतायत की आईला विचारलं का. विचारलं. म्हणाली, "तुमका बरा दिसात तां करा." भावाला वाटतं ती तयार आहे.

बाबल्या
जांभळीबाय, मालवणी घरात वाढलात ना? आमच्याकडे म्हातारं माणूस 'नाय' म्हणत नाय. 'तुमका बरा दिसात तां करा' म्हणजे तीन वेळा नाय. एकदा मुलग्याक, एकदा सुनेक आणि एकदा देवाक.

करवंद
🤣🤣 अगदी! माझी सासू हेच म्हणते आणि मग दोन दिवस जेवत नाही.

प्रांतवाला
अवांतर वाटेल, पण घर आणि बाग आईच्या नावावर असेल तर वाचा. महसूल खात्यात होतो, निवृत्त. असली भांडणं खूप पाहिली.

२००७ चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायदा आहे. मुलं बघत नसतील तर प्रांताकडे (उपविभागीय अधिकाऱ्याकडे) अर्ज करता येतो, मूळ कायद्यात निर्वाहाची कमाल रक्कम महिना १० हजार. पण जास्त उपयोगी कलम २३. 'मी बघेन' म्हणून बक्षीसपत्र करून घेतलं आणि नंतर बघितलं नाही, तर ते रद्द होऊ शकतं. अडचण एकच, पत्रात ती अट लिहिलेली नसते. 'प्रेमापोटी व आपुलकीपोटी' एवढंच लिहितात, कारण लेखनिकाकडे मसुदा तयार असतो. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अट दिसायला हवी असं म्हटलं, जानेवारी २०२५ च्या निकालात जरा सढळ भूमिका घेतली. कोर्टाच्या मूडवर कशाला राहायचं? सांभाळण्याची अट पत्रात शब्दांत लिहून घ्या. मुलगा चांगला असला तरी लिहा. चांगल्या मुलाला ती अट बोचत नाही.

खाडीपलीकडे
आई-मुलात कागद आणायचा म्हणजे फारच झालं.

प्रांतवाला
सातबाऱ्यावर सतरा नावं असलेल्या भावकीत कागद आधीच आलेला असतो, साहेब.

ताम्हन
एक आकडा आठवला. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या दहा वर्षांत घटलेली. मुंबई शहर सोडलं तर राज्यात असे हे दोनच जिल्हे. रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया. लोक याला स्त्रियांचा सन्मान वगैरे म्हणतात. अहो, पुरुष मुंबईला गेलेत, म्हणून! गावात राहिल्यात त्या बायका, आणि त्यातल्याही बऱ्याच साठीच्या पुढच्या. बघणारं माणूस मिळत नाही हा प्रश्न पैशाचा नंतर, आधी माणसांचाच आहे.

मोदक_नको
सरकारने सोय केलीय ना. ७५ च्या पुढे एसटी फुकट, ऑगस्ट २०२२ पासून. आता फक्त एसटीची पायरी चढवणारा माणूस फुकट द्या.

घाटावरचा
आणि ७० च्या पुढच्या सगळ्यांना आयुष्मानचं कार्ड, उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंत. ऑक्टोबर २०२४ पासून सुरू झालं. जांभळी, आईचं काढलं नसेल तर काढा. पण ते हॉस्पिटलात दाखल झाल्यावरच. घरी ठेवलेल्या बाईच्या पगाराला, डायपरला, एअर बेडला त्यातलं काही मिळत नाही. आमचा महिन्याचा डायपरचाच खर्च साडेतीन हजार होता.

आजी_ऑनलाईन
मी ७६ वर्षांची. नातवाने हे शिकवलं, टायपायला वेळ लागतो, सांभाळून घ्या.

सगळे मुलांच्या बाजूने लिहिताय म्हणून लिहिते. दापोलीकडचं आमचं घर, निसर्ग वादळात पत्रे गेले, पुन्हा घातले. यजमान गेल्यावर तिन्ही मुलांनी पाळी लावली, प्रत्येकाकडे चार महिने. चांगली मुलं आहेत, सुनाही चांगल्या. पण चार महिन्यांनी पिशवी भरायची. औषधांचा डबा एका घरी राहायचा, चष्म्याचं घर दुसऱ्या. कुणाच्या घरी चहा सातला, कुणाच्या घरी साडेआठला. मी पहाटे पाचला उठते, साठ वर्षांची सवय, तर अंधारात पलंगावर बसून राहायचं, भांडं वाजलं तर नातवाची झोप मोडेल म्हणून. वृद्धाश्रमाची भीती नव्हती वाटत, त्या पिशवीची वाटायची.

दोन वर्षांपूर्वी मीच सांगितलं, मला एका जागी ठेवा, कुठेही ठेवा. आता आहे ती संस्था पनवेलच्या पलीकडे आहे. खोलीत गॅस चालत नाही, पण विजेची किटली चालते. पाचला माझा चहा मी करते. शेजारची बाई साडेपाचला येते, तिला बिनसाखरेचा. जेवण पांचट असतं. मासे बुधवारी, तेही नावाला. गणपतीला मोठ्याकडे जाते, दहा दिवस, आणि अकराव्या दिवशी मला इकडे यायची घाई होते हे त्याला अजून सांगितलेलं नाही.

पण मी चालते आणि मी ठरवलं. जांभळीच्या आईचं हाड मोडलंय आणि ती विसरते. तिचं वेगळं आहे. खळं, देऊळ, चूल हेच तिला आठवतं आहे, ते काढून घेतलं तर ती उरलेलंही विसरेल असं मला वाटतं. डॉक्टर नाही मी.

सुरंगी
आजी, नमस्कार. तुमची पोस्ट दोनदा वाचली.

बाबल्या
आजी, बुधवारचे मासे बदलून घ्या ओ. बुधवारी काय खातत? सुरमय की नुसतो बांगडो?

आजी_ऑनलाईन
मांदेली. आणि त्यातली डोकीच जास्त.

सिस्टर_अक्का
आजी म्हणतात ते मीही बघितलंय. विसरायला लागलेल्या माणसाची जागा बदलली की संध्याकाळी बेचैनी वाढते, 'मला घरी जायचंय' सुरू होतं. नव्या जागी रात्री न्हाणीघर सापडत नाही आणि पुन्हा पडतं. गावी ठेवणार असाल तर आईच्या खोलीपासून न्हाणीघरापर्यंत रात्रभर जळणारे दिवे लावा, भिंतीला पाईपचा दांडा बसवा, कमोडची खुर्ची पलंगाशेजारी ठेवा. गॅस बाहेरून बंद करता येईल अशी सोय करा. खळ्यातलं शेवाळ ब्लीचिंग पावडर टाकून घासून घ्या, दर पंधरा दिवसांनी. चपला फेकून द्या, मागे पट्टा असलेले सँडल.

सुरंगी
जांभळी, एक विचारू? पहिल्या पोस्टमध्ये एकच वाक्य आहे, 'सध्या शेजारची चुलत वहिनी बघते.' तीन पर्याय लिहिलेत, त्यात ती कुठेच नाही. जून संपताना हाड मोडलं, म्हणजे आता साडेतीन महिने झाले. रात्री दोनदा उठवायला कोण जातंय? तिचं वय काय? तिला तुम्ही काय देता? आईला काय हवं ते सगळ्यांनी विचारलं. वहिनीला कोणी विचारलं का?

करवंद
+१

मोदक_नको
सुरंगी आज फुल फॉर्मात.

खाडीपलीकडे
गावात अशी सेवा पैशात मोजत नाहीत. ती नात्याने करते.

सुरंगी
मोजत नाहीत हे खरंच आहे. म्हणून तर विचारलं.

घाटावरचा
जांभळी गायब झाल्या. दुखावल्या का?

जांभळी
दुखावले नाही. शुक्रवारी रात्रीच्या गाडीने गावी आले, इथे रेंज फक्त पाणंदीच्या टोकाला मिळते. तिथे उभी राहून लिहितेय, मुंग्या चावतायत.

सुरंगी, वहिनी ५८ वर्षांची आहे. दर रात्री तिच्या घरातून आमच्या पडवीत येऊन झोपते. हे मला माहीत होतं, म्हणजे ऐकलं होतं. काल रात्री मी आईच्या खोलीत झोपले. आई पहिल्यांदा पावणेएकला उठली. मी चष्मा शोधेपर्यंत वहिनी पडवीतून आत आलेली. एका हाताने आईची कंबर, दुसऱ्याने वॉकर, आणि न्हाणीघराच्या उंबऱ्याशी ती क्षणभर थांबली आणि स्वतःच्या कमरेला हात लावला. आईला नाही, स्वतःच्या. नंतर साडेतीनला परत तेच.

सकाळी भाकऱ्या करताना विचारलं. आधी नुसतं हसली. मग म्हणाली, "दिवसाचा मी बघतंय गे. रातचा माका आता जमाचा नाय. कंबर धरता." एवढंच. साडेतीन महिने बोलली नव्हती, कारण कुणी विचारलं नव्हतं. पैशाचं काढलं तर चिडली. "म्हातारेक मी पैशासाठी बघतंय काय?" दुपारी भावाशी पाणंदीतूनच फोनवर अर्धा तास बोलले. बाग दर वर्षी कराराने देतो, त्याचे पैसे आजवर भावाच्या खात्यात जायचे. पुढच्या हंगामापासून ते वहिनीच्या खात्यात जातील, आणि तोपर्यंत आम्ही दोघं महिना सहा-सहा हजार टाकू. वहिनीला पगार म्हणायचं नाही, बागेचा वाटा म्हणायचं. ही युक्ती आईचीच. ती विसरते ते सोयीने विसरते की काय असं मला वाटायला लागलंय.

वृद्धाश्रम सध्या नाही. 'सध्या' लिहितेय, कारण ती पूर्ण अंथरुणाला खिळली तर काय ते मला माहीत नाही.

दांडा बसवायला प्लंबर उद्या येतो म्हणालाय. कोकणातला 'उद्या'.

प्रांतवाला
बागेचा वाटा तोंडी ठेवू नका. साध्या कागदावर तरी लिहा.

बाबल्या
प्रांतवाले, तुम्ही झोपेतसुद्धा पंचनामा करत असणार.

खाडीपलीकडे
जांभळी, बरं केलंत. सुरंगी, काल आईला फोन केला होता. आजीच्या वेळी काकूचं मणक्याचं ऑपरेशन झालं होतं हे मला आज कळलं.

सिस्टर_अक्का
जांभळी, आता तुमचा प्रश्न एवढाच उरला, रात्रीची बाई. नऊ ते सहा. ही जुळवणं चोवीस तासांच्या बाईपेक्षा सोपं असतं, कारण दिवसा तिला स्वतःचं शेत बघता येतं. पण घर जवळचं हवं, वाडीतलंच किंवा पलीकडच्या वाडीतलं. पावसात रात्री साकवावरून (ओढ्यावरच्या छोट्या पुलावरून) कोणी येत नाही.

जांभळी
हेच विचारायचं होतं. जामसंडे ते पडेल या पट्ट्यात रात्रीची कुणी ओळखीची? ४०-५० वयाची, स्वतःची कंबर शाबूत असलेली. नोव्हेंबरपासून. आंब्याच्या हंगामातही यायची तयारी हवी.

घाटावरचा
आंब्याच्या हंगामात 🙏

करवंद
माझ्या मावससासूकडे पडेलला एक ताई यायच्या, आता मोकळ्या असाव्यात. विचारते. विपू बघा.